कांद्याच्या मुळातली निळी झुडपं : व्हॅम बुरशी पाहण्यासाठी मुळं कशी रंगवायची

कृषी सेवा केंद्रातून मायकोरायझाची पिशवी आणून वाफ्यात टाकणाऱ्या शेतकऱ्याचा प्रश्न ठरलेला असतो : “ती मुळाला लागली की नाही, हे कळायचं कसं?” सोयाबीनचं रोप उपटलं की गाठी दिसतात. गाठ फोडली आणि आत लालसर निघाली की रायझोबियम, म्हणजे हवेतला नत्र धरणारा जिवाणू, कामाला लागलाय हे शेतातच कळतं. व्हॅमचं, म्हणजे पिशवीतल्या या मायकोरायझा बुरशीचं, तसं नाही. ही बुरशी मुळाच्या सालीत, पेशींच्या आत आणि पेशींच्या मधून वाढते. बाहेरून मूळ जसंच्या तसं दिसतं. ती पाहायची तर मूळ पारदर्शक करायचं, बुरशीला रंग द्यायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरायचं.

हे काम कॉलेजच्या साध्या प्रयोगशाळेत होतं. बारावीची मुलंही नीट देखरेखीखाली करू शकतात. मी दरवर्षी नव्या विद्यार्थ्यांना कांद्यापासूनच सुरुवात करून देते. कांद्याची मुळं जाडसर, पांढरी, फारशी न फाटणारी असतात. त्यांच्यावर मूलरोम जवळजवळ नसतात, म्हणून कांद्याला फॉस्फरससाठी या बुरशीची गरजही जास्त आणि तिची वस्तीही भरपूर. शिवाय आपल्याकडे कांद्याचा वाफा शोधायला लांब जावं लागत नाही.

आपण नक्की काय शोधतोय, ते आधी डोळ्यांपुढे हवं. ‘मायकोरायझा’ म्हणजे बुरशी-मूळ. हा शब्द १८८५ मध्ये जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रँक यांनी रूढ केला; प्रशियाच्या सरकारला ट्रफल या महागड्या भूछत्राची लागवड हवी होती आणि त्या शोधात त्यांना झाडांच्या मुळांवर बुरशीचं आवरण सापडलं. पण ती बाहेरून आवरण घालणारी जात, पाइन वगैरे झाडांची. कांदा, ज्वारी, तूर, मका, आंबा यांच्या मुळांत असते ती आतली जात. ती पेशीत शिरून फांद्या फोडत जाते आणि इवलंसं झुडूप तयार होतं. फ्रेंच अभ्यासक गालो यांनी १९०५ मध्ये त्याला आर्बस्क्यूल, म्हणजे छोटं झाड, असं नाव दिलं. वनस्पती साखर आणि स्निग्ध पदार्थ देते, बुरशी फॉस्फरस देते, आणि ही देवघेव या झुडपातच होते. एकेक झुडूप काही दिवसच टिकतं आणि विरघळून जातं. तेव्हा जुन्या मुळात ते सापडणार नाही. पुढच्या निम्म्या सूचना या एका गोष्टीतून निघतात.

मूळ निवडणं आणि आणणं

नवशिक्यांचा प्रयोग बहुतेक वेळा इथेच फसतो आणि दोष रंगावर जातो. माझ्या पहिल्या खेपेला मी तुरीचं जाड, तपकिरी मुख्य मूळ उकळलं होतं. दोन दिवस खपले आणि हाती निळा ठोकळा आला. बुरशी राहते ती कोवळ्या, बारीक, पांढुरक्या उपमुळांत, साधारण दोऱ्याइतक्या जाडीच्या. लाकूड धरलेल्या मुळात साल गळून गेलेली असते आणि सालीबरोबर बुरशीचं घरही.

कांदा असेल तर पुनर्लागणीनंतर ४० ते ६० दिवसांचं रोप घ्या. रोप ओढून उपटू नका. ओढलं की बारीक मुळं जमिनीतच तुटून राहतात आणि नेमकी तीच आपल्याला हवी असतात. खुरप्याने बाजूने खणून मातीच्या ढेकळासकट काढा, ओल्या कापडात गुंडाळा, पिशवीत घाला आणि उन्हापासून वाचवा. फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस चालतं. त्याहून जास्त थांबायचं असेल तर धुतलेली मुळं ५० टक्के अल्कोहोलमध्ये ठेवा, महिनोन्‌महिने टिकतात. वाफ्यात तणांचीही मुळं गुंतलेली असतात. म्हणून सुटी मुळं गोळा न करता, कांद्याच्या तळाशी जोडलेलीच मुळं कापा.

एक गोष्ट आवर्जून करा : दोन-तीन मोहरीची किंवा मुळ्याची रोपंही आणा. मोहरीच्या कुळातल्या वनस्पती ही मैत्री करत नाहीत. त्यांची मुळं कांद्याच्या बरोबरीने प्रत्येक पायरीतून न्या. कांद्यात निळी झुडपं आणि मोहरीत काही नाही, असं दिसलं तर आपली पद्धत बरोबर चाललीय. दोन्हींत सारखंच निळं दिसत असेल तर आपण मुळाचाच रंग पाहतोय.

धुण्यासाठी ढेकूळ बादलीत भिजू द्या. काळ्या मातीला दोन-तीन तास लागतात, लाल मातीला कमी. मग हळूच हलवून पाणी बारीक चाळणीवर ओता. चोळू नका, नळाची जोरदार धार नको. शेवटी पेट्री डिशमध्ये पाणी घेऊन मऊ ब्रशने राहिलेले मातीचे कण काढा. मातीचा कण स्लाइडवर आला की कव्हरस्लिप टेकत नाही आणि फोकस बसत नाही. मुळं १ ते २ सेंटिमीटरच्या तुकड्यांत कापा.

आता हे तुकडे पुढच्या सगळ्या द्रावणांतून न हरवता न्यायचे आहेत. प्रयोगशाळेत त्यासाठी जाळीच्या छोट्या डब्या मिळतात. त्या नसतील तर नायलॉनच्या जाळीची पुरचुंडी बांधा. चिठ्ठी पेन्सिलने लिहून आत टाका. पेनाची अक्षरं पहिल्याच उकळीत जातात.

पोटॅशची सफाई

या पद्धतीला सगळे मुळं रंगवणं म्हणतात, पण माझ्या मते तीन चतुर्थांश काम सफाईचं आहे. मुळाच्या पेशींतलं सगळं द्रव्य काढून टाकून फक्त काचेसारख्या भिंती उरवायच्या, म्हणजे आत बसलेली बुरशी दिसेल. बुरशीच्या भिंतीत कायटिन असतं, ते या माऱ्यात टिकून राहतं. हे काम पोटॅशियम हायड्रॉक्साइड करतं, म्हणजे कॉस्टिक पोटॅश.

१० टक्के द्रावण करा : १० ग्रॅम पापडे पाण्यात विरघळवून १०० मिलिलिटर. पापडे पाण्यात टाकायचे, थोडे थोडे, हलवत. पापड्यांवर पाणी ओतलं तर ते एकदम तापून उसळतं. चष्मा आणि हातमोजे सक्तीचे. पोटॅश डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो. गेलाच तर लगेच वाहत्या पाण्याखाली किमान १५ मिनिटं धुवा आणि डॉक्टर गाठा. भांडं काचेचं किंवा स्टीलचं घ्या. ॲल्युमिनियमचं पातेलं अजिबात नको. पोटॅश ते खातो आणि हायड्रोजन वायू सुटतो. द्रावण साठवायचं ते प्लॅस्टिकच्या बाटलीत. आणि ज्या भांड्यात हे केलं ते परत स्वयंपाकघरात जायचं नाही.

मुळं द्रावणात पूर्ण बुडवून ते भांडं वॉटर बाथमध्ये, म्हणजे गरम पाण्याच्या पात्रात, साधारण ९० अंश सेल्सिअसला ठेवा. थेट बर्नरवर उकळू नका. पोटॅशला गचके बसतात आणि तो बाहेर उडतो. वेळेचं कोष्टक मी मुद्दाम देत नाही, कारण तीच तूर विदर्भातल्या काळ्या जमिनीतली आणि कोकणातल्या जांभ्या मातीतली वेगळी वागते. अंदाज असा : कांद्याची ताजी मुळं १० ते १५ मिनिटं, ज्वारी-मका अर्धा तास, तूर आणि झाडांची मुळं एक तास किंवा जास्त. खरी खूण डोळ्यांनी बघायची. द्रावण पिवळं, मग चहासारखं होतं. गडद झालं की ओतून नवं घ्या. मूळ पांढऱ्या कागदावर धरलं आणि मधली शिरांची दोरी सालीतून आरपार दिसली की झालं. चिमट्यात धरल्यावर साल सुटून यायला लागली तर जास्त झालं, पुढच्या वेळी वेळ कमी करा. घाई नसेल तर पोटॅशमध्ये खोलीच्या तापमानाला एक-दोन दिवस ठेवा. नाजूक मुळांसाठी मला हीच रीत जास्त आवडते.

आंबा, साग, करवंद यांची मुळं टॅनिनमुळे पोटॅशनंतरही तपकिरी राहतात. त्यांना विरंजन लागतं : ३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड ३० मिलिलिटर आणि त्यात ३ मिलिलिटर अमोनिया, दरवेळी ताजं बनवलेलं. पेरॉक्साइड औषधाच्या दुकानात मिळतं, पण बाटलीवरची टक्केवारी वाचा. ६ टक्क्यांचं असेल तर तितकंच पाणी घाला. मुळं पोटॅशमधून काढून दोन-तीनदा धुवा आणि यात १० ते ४५ मिनिटं ठेवा. बुडबुडे येतात आणि रंग उतरत जातो. रंग उतरला की लगेच काढा. जास्त वेळ राहिलं तर बुरशीही रंग धरत नाही. कांद्याला ही पायरी लागतच नाही.

आम्ल, मग रंग

पोटॅशनंतर पाण्याने तीन वेळा धुवा. त्यानंतर मुळं आम्लात ठेवायची, आणि ही पायरी सगळ्यात जास्त वेळा गाळली जाते. रंग आम्लातच धरतो. मुळात पोटॅशचा अंश राहिला तर तो रंगाच्या द्रावणातलं आम्ल मारतो आणि सगळं फिकट येतं. ट्रिपॅन ब्लू वापरणार असाल तर १ टक्के हायड्रोक्लोरिक आम्लात एक तास ते रात्रभर. शाईची पद्धत करणार असाल तर पांढऱ्या व्हिनेगरमध्ये दहा मिनिटं पुरतात. आम्लानंतर पाण्याने धुवायचं नाही. नुसतं निथळून थेट रंगात.

रंग कोणता? फिलिप्स आणि हेमन यांनी १९७० मध्ये मांडलेली ट्रिपॅन ब्लूची पद्धत जगभर चालली. तिचं चित्र अतिशय स्वच्छ येतं. पण ट्रिपॅन ब्लू कर्करोगकारक असू शकणाऱ्या पदार्थांच्या यादीत आहे आणि मूळ कृतीत तो ज्या लॅक्टोफिनॉलमध्ये घालत, त्यातलं फिनॉल त्वचेला भाजतं. १९९८ मध्ये फिअरहायलिग आणि सहकाऱ्यांनी फाउंटन पेनची शाई आणि घरगुती व्हिनेगर वापरून तेच काम करून दाखवलं. शिकण्यासाठी, वर्गासाठी, शाळेसाठी मी फक्त शाईच सुचवेन.

शाईचं द्रावण : ९५ मिलिलिटर पांढऱ्या व्हिनेगरमध्ये ५ मिलिलिटर फाउंटन पेनची शाई, काळी किंवा निळी. व्हिनेगरमध्ये ॲसिटिक आम्ल ५ टक्के असावं. किराणा दुकानातल्या बाटलीवर ४ टक्के लिहिलेलं असलं तरी काम भागतं. सगळ्याच शाया चालत नाहीत. काही मुळालाही तितक्याच रंगवतात, काही बुरशीला धरतच नाहीत. म्हणून जवळच्या दुकानात मिळणाऱ्या तीन-चार शाया आणून प्रत्येकीत कांद्याचे पाच आणि मोहरीचे पाच तुकडे रंगवा आणि जिने फरक स्पष्ट दाखवला ती कायमची धरा. चित्रकलेची वॉटरप्रूफ काळी शाई घेऊ नका. तिच्यात काजळीचे कण असतात, ते रंगवत नाहीत, नुसते चिकटतात.

द्रावण तापवून वॉटर बाथमध्ये ठेवा आणि मुळं त्यात तीन ते पाच मिनिटं बुडवा. व्हिनेगरची वाफ डोळ्यांना झोंबते, खिडकी उघडी हवी. बाहेर काढलेली मुळं पूर्ण काळी-निळी दिसतील. घाबरू नका. आता जास्तीचा रंग काढायचा : पाण्यात व्हिनेगरचे चार-पाच थेंब घालून त्यात २० मिनिटं ठेवा, पाणी एकदा-दोनदा बदला. साधं पाणी घेतलं तर बुरशीचाही रंग सुटायला लागतो. मूळ फिकट होत जातं आणि आत गडद ठिपके, रेषा उरतात. रात्रभर ठेवलं तर चित्र आणखी खुलतं.

संशोधनासाठी ट्रिपॅन ब्लूच हवा असेल तर फिनॉल वगळा : लॅक्टिक आम्ल, ग्लिसरिन आणि पाणी समप्रमाणात, आणि त्याच्या १०० मिलिलिटरमध्ये ५० मिलिग्रॅम रंग. ९० अंशांना १५ ते ३० मिनिटं, मग रंग नसलेल्या त्याच मिश्रणात एक-दोन दिवस. पावडर तोलताना मास्क हवा, हातमोजे पूर्ण वेळ, आणि उरलेलं द्रावण सिंकमध्ये नाही, झाकणाच्या बाटलीत वेगळं जमा करायचं. वापरलेला पोटॅशही तसाच ओतू नका. गार झाल्यावर व्हिनेगर घालत लिटमसवर उदासीन करा आणि मग सोडा.

स्लाइडवर

स्लाइडवर ग्लिसरिन आणि पाणी समप्रमाणात, त्यात व्हिनेगरचा एक थेंब. त्यात दहा तुकडे शेजारी शेजारी, लांबीला समांतर ठेवा. कव्हरस्लिप तिरकी धरून खाली सोडा, म्हणजे हवेचे बुडबुडे राहत नाहीत. मग पेन्सिलच्या मागच्या रबराने हलकेच दाबा. मूळ थोडं चपटं झालं की आतले थर एका पातळीत येतात. कांद्याच्या जाड मुळाला हा दाब फार उपयोगी पडतो. स्लाइड काही महिने ठेवायची असेल तर कडा पुसून नेलपॉलिशने बंद करा.

आधी १० पटीचं ऑब्जेक्टिव्ह लावा आणि मूळ टोकापासून टोकापर्यंत फिरवून बघा. बुरशी सगळीकडे सारखी नसते. एक पट्टा भरलेला, पुढचा कोरा, असं दिसतं. मुळाच्या अगदी टोकाला काहीच नसतं, तिथे अजून बुरशी पोचलेली नाही. भरलेला पट्टा सापडला की ४० पटीवर जा आणि प्रकाश थोडा कमी करा.

कांद्यात पेशींच्या मधून, मुळाच्या लांबीला समांतर जाणारे निळे तंतू दिसतील. त्यांना आडवे पडदे नसतात, जाडी कमी-जास्त असते, वळणं गाठाळ असतात. त्यांच्यातून एकेक फांदी शेजारच्या पेशीत शिरते आणि तिथे फुटत फुटत झुडूप होतं. कोवळं झुडूप बारीक कणीदार निळ्या ढगासारखं दिसतं, सूक्ष्म फोकस फिरवला की फांद्या सुटतात. म्हातारं झुडूप गोळा होऊन बसलेलं असतं. ४० ते १०० मायक्रॉन आकाराच्या गोल किंवा लंबगोल गडद पिशव्या म्हणजे व्हेसिकल, बुरशीचं तेलाचं कोठार. व्हेसिकल नाहीत म्हणून बुरशी नाही असं समजू नका. गायगास्पोरा आणि तिच्या जवळच्या जाती मुळात व्हेसिकल बनवतच नाहीत. म्हणूनच पूर्वीचं ‘व्हॅम’ हे नाव, ज्यातला पहिला शब्द व्हेसिकलचा होता, शास्त्रज्ञांनी सोडून दिलं आणि नुसतं ‘एएम’, म्हणजे आर्बस्क्युलर मायकोरायझा, ठेवलं. शेतीत मात्र व्हॅमच चालतं. काही वनस्पतींत झुडपांऐवजी पेशीत दोरीचं वेटोळं दिसेल. तोही याच मैत्रीचा दुसरा प्रकार, गालो यांनीच वेगळा काढलेला.

फसवणारी चित्रंही असतात. तपकिरी, आडवे पडदे असलेले, रंग न देताही दिसणारे तंतू ही वेगळी बुरशी. आपल्या कोरडवाहू जमिनीतल्या गवतांच्या मुळांत ती खूप भेटते. मधल्या शिरांमधल्या स्प्रिंगसारख्या रेषा बुरशीच्या नाहीत, त्या झाडाच्याच जलवाहिन्या. मूळकूज करणाऱ्या पिथियमच्या तंतूंनाही पडदे नसतात, आणि नुसत्या तंतूंवरून ती आणि आपली बुरशी यांत गल्लत सहज होते. म्हणून मी विद्यार्थ्यांना सांगते : नुसता तंतू दिसला तर वहीत ‘तंतू’ लिहा, ‘मायकोरायझा’ नको. झुडूप किंवा वेटोळं पाहिल्याशिवाय खात्रीचं विधान नाही.

मोजणी

फक्त ‘आहे’ म्हणून थांबायचं नसेल तर मोजावं लागतं. दोन रीती आहेत. पहिली जिओवानेत्ती आणि मॉस यांची १९८० ची. पेट्री डिशच्या तळाला अर्ध्या इंचाच्या, म्हणजे १.२७ सेंटिमीटरच्या, चौकटी आखा. त्यात मुळं पसरा आणि स्टिरिओ सूक्ष्मदर्शकाखाली उभ्या-आडव्या प्रत्येक रेषेवरून जा. मूळ जिथे रेषा ओलांडतं ते सगळे छेद मोजा, आणि त्यांतल्या किती ठिकाणी बुरशी आहे ते वेगळं मोजा. समजा १२८ छेद आणि ८३ मध्ये बुरशी, तर वसाहत ६५ टक्के. या मापाच्या चौकटीत छेदांची संख्या हीच जवळजवळ मुळांची सेंटिमीटरमधली लांबी येते, इथे १२८. १०० पेक्षा कमी छेदांवर विसंबू नका.

दुसरी रीत मॅकगोनिगल आणि सहकाऱ्यांची, १९९० ची, स्लाइडवर २०० पट मोठं करून. आयपीसमधली रेषा मुळाला आडवी धरायची आणि ती कशाला छेदते ते लिहायचं : झुडूप, व्हेसिकल, नुसता तंतू, की काहीच नाही. असे १५० छेद तरी हवेत. वेळ दुप्पट-तिप्पट लागतो, पण झुडपांचा आकडा वेगळा मिळतो, आणि मुळात देवघेव चालू आहे का याबद्दल एकूण टक्केवारीपेक्षा तोच आकडा जास्त सांगतो. मला एकच निवडायची असेल तर मी ही निवडेन. स्लाइड कोणत्या वाफ्यातली हे मोजणाऱ्याला माहीत नसावं. चिठ्ठीवर फक्त क्रमांक ठेवा. आपल्याला हवं ते पाहण्याची डोळ्याची सवय यानेच मोडते.

आता शेतकऱ्याच्या प्रश्नाकडे. पावडर टाकलेल्या वाफ्यातल्या कांद्यात ६५ टक्के वसाहत दिसली म्हणजे पावडर लागू पडली, असं होत नाही. ही बुरशी आपल्या बहुतेक जमिनींत मुळातच असते, आणि रंगवलेल्या मुळात गावची कोणती आणि पिशवीतली कोणती हे डोळ्यांनी ओळखता येत नाही. म्हणून लागणीच्या दिवशीच त्याच शेतात चार-पाच वाफे पावडरीशिवाय सोडायचे, खत-पाणी अगदी तेच द्यायचं, आणि ४५ दिवसांनी दोन्हींकडची किमान पाच-पाच रोपं एकाच दिवशी काढून एकाच खेपेत रंगवायची. दोन्हींकडे आकडा सारखाच उंच आला तर त्या जमिनीला पिशवीची गरज नव्हती. दोन्हींकडे अगदी कमी आला तर आधी डीएपी किंवा सुपर फॉस्फेट किती पडलं ते विचारा. फॉस्फरस भरपूर मिळाला की रोप बुरशीला फारसं आत घेत नाही, मग पावडर कितीही चांगली असो.